क्वाड्रॅट साठ, कुंपण एक: क्रीटवर फील्डवर्कला जाणाऱ्या मुलीला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्याची मुलगी, सध्या इंग्लंडमध्ये इकॉलॉजीत एमएस्सी करतेय. एप्रिलच्या मध्यापासून दोन आठवडे ग्रीसच्या क्रीट बेटावर फील्ड कोर्स आहे आणि त्यानंतर अजून चार आठवडे तिथेच राहून डिसर्टेशनचा (प्रबंधाचा) डेटा गोळा करायचाय. विषय चराईचा वनस्पतींच्या विविधतेवर होणारा परिणाम. प्लॅन असा की एका कुंपण घातलेल्या जागेत ३० क्वाड्रॅट (जमिनीवर ठेवायची चौकट, तिच्या आतल्या वनस्पती मोजायच्या) टाकायचे, कुंपणाबाहेर ३०, आणि तुलना करायची. तिचं म्हणणं, "ताई, डिझाइन ठीक आहे ना? आणि तिथली एकही वनस्पती मला ओळखता येत नाही, शाकाहारी आहे, व्हिसाचं टेन्शन आहे, आणि घरचे विचारतात की हे सगळं करून भारतात काय उपयोग."

अगं, बाकीचं सगळं होईल, पण डिझाइन ठीक नाहीये. तिथूनच सुरुवात करते कारण मी नेमकं हेच करून बसलेय.

मी विद्यार्थी म्हणून पहिल्यांदा क्रीटला गेले तेव्हा माझ्याकडेही असंच एक कुंपण होतं. आत हिरवंगार, बाहेर शेळ्यांनी खाऊन गोल गोल उशांसारखी केलेली काटेरी झुडपं, फरक इतका डोळ्यात भरणारा की मला वाटलं अर्धी डिग्री इथेच झाली. आत ३०, बाहेर ३०, एकूण ६०, पी व्हॅल्यू (चराईचा काही परिणाम नसताना इतका फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) अशी की तिच्यात शून्यच शून्य. मग व्हायव्हाला म्हणजे तोंडी परीक्षेला परीक्षकांनी एकच विचारलं, "तुमच्याकडे कुंपणं किती होती?" मी म्हटलं एक. ते म्हणाले, "मग एन, म्हणजे एकमेकांपासून स्वतंत्र नमुने, किती?" आणि मी साठ म्हणता म्हणता थांबले.

कळलं ना काय झालं ते? आतले ३० क्वाड्रॅट म्हणजे ३० वेगळ्या जागा नाहीत, एकाच जागेचे ३० तुकडे आहेत. कुंपणाच्या आत माती मुळातच खोल असेल, तिथे पूर्वी शेत असेल, उताराची दिशा वेगळी असेल, यातलं काहीही शेळ्यांच्या नावावर खपून जातं. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये याला स्यूडोरेप्लिकेशन हे नाव दिलं आणि तेव्हापासून दरवर्षी मुलं त्याच खड्ड्यात पडतात, गाइडही पडतात. घरातलं उदाहरण घे, एकाच कुकरमधला भात ३० ठिकाणी चाखून "आंबेमोहोर बासमतीपेक्षा मऊ शिजतो" असं सांगता येत नाही, फार तर हा कुकर मऊ शिजवतो एवढंच कळतं.

मग काय करायचं? दुसऱ्यांदा गेले तेव्हा विद्यार्थ्यांना घेऊन गेले होते, आणि एका टेकाडावर जेवायला बसलो असताना एका मुलाने सहज म्हटलं की प्रत्येक टेकडीवर एक चॅपल, म्हणजे छोटंसं चर्च, कसं काय असतं. क्रीटमध्ये खरंच छोटी छोटी पांढरी चॅपल जिकडे तिकडे आहेत, आपल्याकडे टेकडीवर म्हसोबा असतो तशी, आणि त्यातल्या बऱ्याचशांभोवती दगडी भिंत किंवा जाळी असते, शेळ्या आत येऊ नयेत म्हणूनच. म्हणजे कुणीतरी तुझ्यासाठी आधीच एक्स्क्लोजर (चरणाऱ्या जनावरांना बाहेर ठेवणाऱ्या जागा) बांधून ठेवलेत, एक नाही, डझनावारी! आपल्या देवराईचंच लॉजिक आहे हे, फक्त इथे जंगल राखायचा हेतू नसून अंगण राखायचा आहे.

तर १२ चॅपल शोध. प्रत्येकात आत ३ क्वाड्रॅट, बाहेर ३. एकूण ७२ होतात पण एन हा १२ च, आणि विश्लेषण जोडीजोडीने, प्रत्येक चॅपलचं आत वजा बाहेर. क्वाड्रॅट एक मीटर बाय एक मीटरचा, सुरुवातीला एकाला २५ मिनिटं लागतात असं धर, म्हणजे ७२ ला ३० तास. दिवसाला दोन चॅपल केलीस तर सहा दिवसांचं काम, वारा, बसचे घोळ आणि एक पोट बिघडलेला दिवस धरून दहा. चार आठवड्यांत आरामात बसतं आणि हातात उरलेल्या वेळात चॅपलची संख्या वाढवता येते. क्वाड्रॅट वाढवू नकोस, चॅपल वाढव. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.

यात मेख आहेत, त्या आधीच सांगते म्हणजे व्हायव्हाला तू स्वतःहून सांगशील. एक तर चॅपल कुठेही बांधत नाहीत, पाणी किंवा सावली किंवा जरा सपाट जागा बघून बांधतात, पण बाहेरचा क्वाड्रॅट तू त्याच टेकाडावर घेतेयस म्हणून बरंचसं सांभाळलं जातं. दुसरं, काही अंगणांत सिमेंट ओतलेलं असतं किंवा कुणी आजी येऊन जिरेनियमला पाणी घालते आणि गवत उपटते, ती चॅपल सरळ सोडून द्यायची, पण सोडायचा नियम आधी ठरवून, डेटा बघून नाही. तिसरं म्हणजे बाहेरचा क्वाड्रॅट भिंतीला चिकटून घेऊ नकोस. भिंतीच्या सावलीत दुपारी कळप बसतो, तिथे लेंड्यांचा थर असतो आणि खाज आणणारं नेटल, मॅलो, काटेरी थिसल असली खताला हपापलेली झाडं माजतात, तो चराईचा परिणाम नाही, गोठ्याचा परिणाम आहे. किमान दहा मीटर लांब जा. आणि बाहेरच्या प्रत्येक क्वाड्रॅटमध्ये लेंड्या मोज, हसू नकोस, खरंच मोज. कारण "बाहेर" म्हणजे सगळीकडे सारखी चराई नसते, आणि लेंड्यांची संख्या हा तुझा सगळ्यात स्वस्त आणि प्रामाणिक आकडा आहे. शेळीची की मेंढीची या वादात पडू नकोस, तो सुटत नाही.

आता वेळेचं. आपल्या डोक्यातलं कॅलेंडर तिथे उलटं चालतं. मेडिटेरेनियनमध्ये पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडाठाक, म्हणजे रोपं ऑक्टोबर-नोव्हेंबरात उगवतात, थंडीत वाढतात, वसंतात फुलतात आणि जूनपर्यंत सगळं वाळून खडखडीत. क्रीटचा एप्रिल म्हणजे आपला भाद्रपद समज, कास पठारावर असतं तसं, आणि तुझे सहा आठवडे संपेपर्यंत खालच्या भागात पार मार्गशीर्ष झालेला असेल. माझ्या बरोबरच्या एका मुलीने आधी सगळे "आतले" क्वाड्रॅट करून घेतले आणि दोन आठवड्यांनी "बाहेरचे", तोपर्यंत वर्षायू (एकाच वर्षात आयुष्य संपवणारी) रोपं वाळून वाऱ्यावर उडाली होती आणि तिचा निष्कर्ष आला की चराईमुळे वर्षायू जाती नाहीशा होतात! एका चॅपलचं आतबाहेर त्याच दिवशी व्हायला हवं, यात तडजोड नाही. आणि उंचीचा पट्टा अरुंद ठेव, समुद्रापासून ३०० मीटरपर्यंत वगैरे, कारण वसंत ऋतू तिथे डोंगर चढत जातो. खाली सगळं वाळलेलं असताना वर हजार मीटरवर नुकती फुलं येत असतात, आणि डोंगर भरपूर उंच आहेत, प्सिलोरितिस २,४५६ मीटर, म्हणजे कळसूबाईवर अजून ८०० मीटर रचलेत. बेट मात्र लहानसं, क्षेत्रफळ साधारण रत्नागिरी जिल्ह्याएवढं, पण २६० किलोमीटर लांब आणि चिंचोळं, पश्चिमेला ओलं आणि आग्नेय टोकाला अगदी शुष्क. त्यामुळे सगळी चॅपल एकाच भागातली घे, बेटभर फिरायचा मोह आवर.

वनस्पती ओळखता येत नाहीत म्हणतेस. कुणालाच येत नाहीत गं, पहिल्या दिवशी. क्रीटमध्ये दर दहा जातींमागे साधारण एक जगात दुसरीकडे कुठेच नाही, त्यामुळे युरोपातली पोरंही तितकीच गोंधळलेली असतात. पण तुला तिथला सगळा फ्लोरा, म्हणजे सगळ्या वनस्पतींची यादी, पाठ करायचा नाहीये. तिथल्या त्या बुटक्या काटेरी झुडपांच्या माळाला फ्रिगाना म्हणतात, आणि त्यात जमीन झाकणारं बहुतेक काम पंधरा-वीस जातीच करतात. आधी त्या पक्क्या कर. सार्कोपोटेरियम म्हणजे काटेरी बर्नेट, फांद्या नागमोडी दुभंगत जातात आणि टोकाला काटा, उशीसारखं झुडूप, हिवाळ्यातली मोठी पानं उन्हाळ्यात टाकून बारकी पानं आणतं, म्हणजे मेमध्ये तुला वाटेल हे वेगळंच झाड आहे, ते तेच असतं. काटेरी युफोर्बिया, फांदी मोडली की दूध येतं, आपल्या शेराचं भावंडच, म्हणून शेळी तोंड लावत नाही. थाइम आणि ओरेगानो डोळ्यांनी नाही, नाकाने ओळख, पान बोटांत चुरडून. सिस्टस, चुरगळलेल्या टिश्यू पेपरसारखी गुलाबी फुलं, आगीनंतर बियांतून भसाभस उगवतं. आणि ॲस्फोडेल, पांढऱ्या फुलांचे उंच तुरे, शेळ्या खात नाहीत, जमिनीत गाठी असतात म्हणून आगीतूनही वाचतं. ॲस्फोडेलने भरलेलं रान फोटोत फार सुंदर दिसतं आणि बऱ्याचदा त्याचा अर्थ इथे चराई अति झालीय असा असतो.

बाकी जे ओळखत नाही त्याला टोपणनाव दे. "पिवळं केसाळ ३", "खोटी मेथी", "चिकट देठ". फोटो असे: पूर्ण रोप, पान दोन्ही बाजूंनी, फूल समोरून, फूल बाजूने, आणि प्रत्येकात पट्टी किंवा नाणं. संध्याकाळी ग्रुपबरोबर बसून नावं लावायची. ज्यांना लागली नाहीत ती टोपणनावानेच मोजली तरी जातींची संख्या बदलत नाही, फक्त प्रत्येक ठिकाणी तेच रोप तेच नाव, एवढं पाळ. रोप उपटून इंग्लंडला न्यायचं नाही. नमुने गोळा करायला ग्रीसमध्ये परवानगी लागते, कोर्सवाल्यांकडे असली तरी ती कशाला लागू आहे ते लेखी बघ. एक बीसुद्धा खिशात नको, आणि पँटच्या दुमडीत अडकलेली कुसळं पण तिथेच झटक.

कव्हरचे टक्के, म्हणजे क्वाड्रॅटमधली किती जमीन कुठल्या झाडाने झाकलीय याचा अंदाज, हा अजून एक खड्डा. पहिल्याच दिवशी तू आणि तुझी पार्टनर एकाच क्वाड्रॅटकडे बघून न बोलता आकडा लिहा. आमचे आले होते ४० आणि २५, त्याच एका झुडपाचे. मग भांडा, परत करा, पाचएक क्वाड्रॅटमध्ये आकडे जवळ येतात. तेही जमलं नाही तर एकीनेच सगळे अंदाज करायचे आणि दुसरीने लिहायचं.

यात थोडं विषयांतर करते, कारण यावर तुझं डिस्कशन चॅप्टर उभं राहील. फ्रिगानाकडे बघून सगळ्यांना वाटतं की पूर्वी इथे घनदाट जंगल होतं आणि माणसाने आणि शेळ्यांनी ते खाऊन टाकलं. हे चित्र इतकं सोपं आहे की संशय यावा. ऑलिव्हर रॅकहॅम नावाचे ब्रिटिश लॅंडस्केप इकॉलॉजिस्ट क्रीटमध्ये वर्षानुवर्षं फिरले आणि त्यांनी या उद्ध्वस्त जंगलाच्या कथेला जोरदार विरोध केला. आता तू काट्यांकडे बघ आणि विचार, हे कुणासाठी? माणूस आणि त्याच्या शेळ्या बेटावर आल्या त्याला नऊ हजार वर्षं झाली, क्रीटमधल्या क्नोसोस या प्राचीन ठिकाणी तेवढी जुनी वस्ती सापडते. पण त्याच्या खूप आधी इथे ठेंगणे पाणघोडे होते, हरणं होती, आणि खांद्याशी जेमतेम १.१३ मीटर उंचीचा मॅमथ होता, म्हणजे आपल्या एखाद्या गावठी गाईएवढा! त्याचे जीवाश्म १९०४ मध्ये डोरोथिया बेट या नावाच्या बाईंनी शोधले, त्या काळात, खेचरावरून हिंडत. तेव्हा चरणारी तोंडं इथे शेळ्यांच्या आधीपासून होती. याचा अर्थ आजची चराई निरुपद्रवी आहे असा अजिबात नाही. ग्रीस १९८१ मध्ये युरोपियन समुदायात गेल्यावर जनावरांच्या डोक्यामागे अनुदान मिळायला लागलं, पिकअप गाड्या आल्या, रस्ते झाले, चारा गाडीतून वर नेता यायला लागला आणि प्सिलोरितिसवर कळप फार वाढले. म्हणजे प्रश्न "चराई चांगली की वाईट" असा नाहीच, किती, कधी, कुठे असा आहे. म्हणून त्या लेंड्या मोजायच्या.

शेळी करते काय हे एकाच झाडावर बघायचं असेल तर कर्मीस ओक शोध. पानं बारकी, नाताळच्या सजावटीतल्या हॉली झुडपासारखी काटेरी. सतत खाल्लं गेलेलं झाड गुडघ्याएवढ्या दगडासारखं घट्ट होतं, हात घातला तर ओरबाडतो. पण ते दरवर्षी थोडं थोडं रुंद होत जातं, आणि एक दिवस इतकं रुंद होतं की शेळीची मान मध्यापर्यंत पोचत नाही. मग मधून एक फांदी सरळ वर सुटते, आणि काही वर्षांनी खाली घट्ट घागरा आणि वर मोकळं झाड असा आकार दिसतो. मी पहिल्यांदा अख्खी दुपार एका उतारावर बसून फक्त यांचे आकार वहीत काढले होते, गाइड म्हणाले वेळ घालवलास. मला अजूनही वाटतं त्या ट्रिपमधलं सगळ्यात चांगलं काम तेच होतं. शेळ्या झाडावर चढतात तो भाग वेगळा, तो बघशीलच.

चॅपलचा प्लॅन काही कारणाने फसला तर दोन विषय हाताशी ठेव. एक म्हणजे दाणे वेचणाऱ्या मेसॉर मुंग्या. वारुळाच्या तोंडाशी टरफलांचा गोल ढीग असतो, वारुळं भरपूर, म्हणजे एन भरपूर, काही मारायचं उपटायचं नाही, रांगेतल्या मुंगीने आणलेला दाणा आणि मुंगीचा आकार याचा संबंध, किंवा वारुळापासून अंतर वाढतं तशी झाडं कशी बदलतात, दोन आठवड्यांत होतं. फक्त सकाळी लवकर आणि संध्याकाळी, दुपारी त्या आत असतात आणि तूही सावलीत असावंस.

दुसरं ऑर्किड. ओफ्रिस नावाची फुलं मादी मधमाशीसारखी दिसतात, वासही तसाच सोडतात, नर येऊन फसतो आणि अंगावर पराग घेऊन जातो, मध काही मिळत नाही. एप्रिलमधले तुझे तिथले पहिले दिवस वाया घालवू नकोस, मेमध्ये बहुतेक संपतात. पिरॅमिडल ऑर्किडच्या एका फुलात, एकाच हं, गवताची बारीक काडी हलकेच घाल आणि बाहेर काढ. परागाच्या दोन पिवळट गदा काडीला चिकटून सरळ उभ्या येतात. आता हलू नकोस, घड्याळ बघ. अर्ध्या मिनिटात त्या दोन्ही आपणहून पुढे वाकतात, बरोबर त्या कोनात की पुढच्या फुलाच्या स्टिग्मावर (पराग झेलणाऱ्या भागावर) जाऊन आपटाव्यात. डार्विनने १८६२ मध्ये हे लिहून ठेवलंय, आणि मी बघितलं तेव्हा शेजारच्या मुलाचा हात धरून ओरडले होते. किती फुलांतले पराग गेलेत आणि किती देठांवर फळ धरलंय हे मोजणं सोपं आहे. सरडे मात्र घेऊ नकोस, सहा आठवड्यांत त्यांच्यामागे धावून माणूस दमतो.

रोजचा क्रम एवढाच सांभाळ की डेटा त्याच रात्री लॅपटॉपवर जायला हवा, कितीही झोप आली तरी. वहीच्या पानांचे फोटोही रोज. पेन्सिलने लिही, घाम आणि समुद्राचा वारा शाईला खातो. लांब जाड पँट (लेगिंग्ज घालून फ्रिगानात जाऊ नकोस, काटे मोजत बसशील), गुडघ्याला पॅड, टोपीला दोरी, दोन लिटर पाणी. विषारी सापांची आईला काळजी असेल तर सांग, माणसाला धोका होईल असा साप क्रीटमध्ये नाहीच. विंचू आहेत, गोचिडी आहेत, आणि खरा धोका म्हणजे मेंढपाळांचे कुत्रे आणि ऊन. एकटी जाऊ नकोस, आणि गेट जसं सापडलं तसंच सोड, बंद तर बंद, उघडं तर उघडं.

चॅपलमध्ये जायच्या आधी गावातल्या कॅफेत जाऊन विचार, कुणाकडे किल्ली असते, पापास म्हणजे पुजारी कुठे भेटतील. दहातले नऊ जण आनंदाने सांगतात, वर बसवून काहीतरी खायला देतात, सकाळी अकराला त्सिकुदिया या द्राक्षांच्या कडक दारूचा ग्लास पुढे करतात, नको असेल तर छातीवर हात ठेवून हसून नको म्हणायचं. एक गंमत लक्षात ठेव. ग्रीकमध्ये "ने" म्हणजे हो! मी एका मेंढपाळाला हातवारे करून विचारलं, तुमच्या जमिनीतून जाऊ का, तो म्हणाला "ने, ने". माझ्या मराठी कानाला ते सरळ "नै नै" ऐकू आलं, मी सॉरी म्हणून वळले, तो मागून हाका मारतोय, शेवटी त्याने गेट उघडून धरलं तेव्हा प्रकाश पडला. नाही म्हणजे "ओखी", आणि बऱ्याचदा तेही म्हणत नाहीत, नुसत्या भुवया वर करून "च्च" करतात, ते मात्र आपल्यासारखंच.

व्हिसा. इंग्लंडचा स्टुडंट व्हिसा असला तरी भारतीय पासपोर्टवर ग्रीससाठी शेंगेन व्हिसा वेगळा लागतो, आणि इंग्लंडमधूनच अर्ज करता येतो. सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, किमान १५ दिवस आधी द्यावाच लागतो, पण खरी मारामारी अपॉइंटमेंटची असते, त्यामुळे हे वाचून झालं की आजच बघ. फी ९० युरो, किमान ३०,००० युरो कव्हरचा ट्रॅव्हल इन्शुरन्स. कॉलेजच्या पत्रात कोर्सच्या दोन आठवड्यांच्याच तारखा असतात, तुला पुढचे चार आठवडेही त्यात लिहून हवेत, राहण्याच्या पुराव्यासकट, नाहीतर व्हिसा दोनच आठवड्यांचा हातात पडेल. आमच्यातल्या एकाला तसाच मिळाला होता आणि बिचारा डेटा अर्धवट टाकून परतला.

खाण्याची चिंता सोड. ऑर्थोडॉक्स ईस्टरच्या आधी त्यांचा मोठा उपास असतो, त्या काळात "नीस्तीसिमा" विचार, मांस, दूध, अंडं काही नसतं. पण त्यांच्या उपासाला ऑक्टोपस आणि कोळंबी चालते हो! त्यामुळे तेही विचारून घे. फावा म्हणजे घट्ट डाळच, वर कांदा आणि ऑलिव्ह ऑइल. खोर्ता म्हणजे उकडलेली रानभाजी. त्यात स्तामनागाथी मिळाली तर घेच, हे चिकोरीचं काटेरी झुडूप, नावाचा अर्थच घागरीचा काटा, पूर्वी पाण्याच्या घागरीच्या तोंडावर ठेवायचे. काट्यांच्या पिंजऱ्यात कोवळी पानं लपवून शेळीपासून वाचतं आणि मग लिंबू पिळून आपल्या ताटात येतं. ईस्टरच्या दोन-तीन दिवसांत दुकानं बंद असतात, आधी सामान भर. लोणच्याची छोटी बाटली ने, तुझ्यासाठी कमी आणि ग्रुपला वश करायला जास्त.

आणि भारतात उपयोग? घरच्यांना कासचं सांग, साताऱ्याचेच आहेत, लगेच कळेल. पठाराला कुंपण घातलं, चराई थांबली, मग गवत माजून फुलं कमी झाली की पर्यटकांमुळे कमी झाली यावर किती वाद झाला. त्या वादात दोन्ही बाजूंकडे मतं भरपूर होती आणि कुंपण एकच होतं. कोकणातले सडे, सोलापूर-नगरकडची माळरानं, सरकारी कागदावर पडीक, आणि धनगर पिढ्यानपिढ्या तिथे मेंढ्या चारतायत, तिथेही हाच प्रश्न पडलाय, किती, कधी, कुठे. थाइम आणि ओफ्रिस इथे कामाला येणार नाहीत. बारा जोड्या कशा शोधायच्या ते येईल.

आता तू एवढं कर. गाइडला मेल टाक की मला एका कुंपणाऐवजी अनेक लहान जागा जोडीने घ्यायच्यात, कारण एका वाक्यात दे, वाद घालू नकोस. कोर्सच्या दोन आठवड्यांत रोज संध्याकाळी एक तास फक्त चॅपल हेरत फिर, भिंत आहे का, सिमेंट आहे का, शेळ्या खरंच येतात का, आणि नकाशावर खुणा कर. मुक्काम कुठल्या गावात आहे ते मला कळव. पूर्वेला सितियाच्या बाजूला असाल तर माती इतकी पातळ आणि कोरडी आहे की मे उजाडेपर्यंत वर्षायू रोपं गेलेली असतील, मग क्वाड्रॅटचं काम कोर्स चालू असतानाच सुरू करावं लागेल, आणि त्याची परवानगी आत्ताच मागून ठेवायला हवी.